पोर्तुगालच्या प्रवासापुरती पोर्तुगीज : पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

मुलगी शिक्षणासाठी पोर्तो शहरात राहायला गेल्यापासून मी दोन वेळा पोर्तुगालला जाऊन आले. पहिल्या खेपेस निघण्यापूर्वी एका पुस्तकातली दीडदोनशे वाक्ये मी घोकून पाठ केली होती. लिस्बनच्या रेल्वे स्टेशनावर तिकीट खिडकीपाशी उभी राहून मी त्यांतले एक वाक्य अगदी न अडखळता म्हटले. खिडकीतल्या बाईंनी तितक्याच सहजतेने उत्तर दिले, आणि त्या उत्तरातला एकही शब्द मला कळला नाही. प्रश्न विचारता येणे म्हणजे निम्मेच काम झाले, आणि अवघड असते ते उरलेले निम्मे, हे मला त्या खिडकीपाशी समजले. दुसऱ्या खेपेची तयारी मी त्या धड्यावरून केली. प्रत्येक प्रश्नाबरोबर त्याची संभाव्य उत्तरे शिकले, आणि पाठांतराइतकाच वेळ ऐकण्याला दिला. पुढचे टप्पे त्याच अनुभवातून लिहिले आहेत.

लिस्बन आणि पोर्तोमधले तरुण लोक उत्तम इंग्रजी बोलतात, त्यामुळे पोर्तुगीज आल्यावाचून तिथे कोणाचे अडत नाही. मात्र लहान गावातला बसचालक, औषधाच्या दुकानातले वयस्कर गृहस्थ किंवा घर भाड्याने देणाऱ्या आजी यांच्याशी गाठ पडली, की पन्नाससाठ वाक्यांची शिदोरी फार उपयोगी पडते.

१. कोणत्या देशाची पोर्तुगीज शिकायची, ते आधी ठरवा

ब्राझीलची पोर्तुगीज आणि पोर्तुगालची पोर्तुगीज यांचे व्याकरण बरेचसे एक असले, तरी प्रवासात लागणारे नेमके शब्दच दोन्हीकडे वेगळे आहेत. रेल्वेगाडीला पोर्तुगालमध्ये ‘कोंबॉयु’ म्हणतात, तर ब्राझीलमध्ये ‘त्रें’. बसला इथे ‘आउतोकार्रु’ आणि तिथे ‘ओनिबुस’ असे नाव आहे. बसथांबा इथे ‘पाराझें’ आहे, ट्राम ‘इलॅत्रिकु’ आहे, आणि स्वच्छतागृह विचारायचे असेल तर ‘काजा द बाञु’ म्हणावे लागते, ब्राझीलसारखे ‘बाञेइरु’ नव्हे. चुकीचा शब्द वापरल्याने कोणी रागावत नाही, पण उत्तर स्थानिक शब्दांतच येते आणि आपण गोंधळतो.

पहिला सापळा इथेच आहे. डुओलिंगोसारख्या लोकप्रिय ॲपवर मिळणारी पोर्तुगीज ब्राझीलची असते. मी तीन महिने तिच्यावर घालवले आणि लिस्बनला उतरल्यावर आपण भलतीच भाषा शिकून आलो की काय, अशी शंका मला आली. ‘शुभ सकाळ’ या अर्थाचे ‘बों दीआ’ ब्राझीलमध्ये ‘बों जीआ’ होते आणि ‘बोआ नोइत’चे ‘बोआ नोइची’ होते. त्यामुळे कोणतेही साधन हाती घेताना उच्चार कोणत्या देशाचा आहे, ते पहिल्याच दिवशी तपासून घ्यावे. या लेखातले सगळे उच्चार पोर्तुगालचे आहेत.

२. लागणारी साधने

फार काही लागत नाही. खिशात मावणारी एक वही घ्यावी आणि तिच्या प्रत्येक पानाचे उभे तीन भाग करावेत : मूळ पोर्तुगीज स्पेलिंग, देवनागरीतला उच्चार आणि मराठी अर्थ. स्पेलिंगचा रकाना आळसाने गाळू नये, कारण पाट्या वाचताना तोच उपयोगी पडतो. इंटरनेट नसतानाही चालेल असे भाषांतराचे ॲप मोबाइलवर आधीच उतरवून ठेवावे. रोज वीस मिनिटे ऐकण्यासाठी पोर्तुगालच्या सरकारी नभोवाणीचे ‘आंतेना १’ हे केंद्र इंटरनेटवर मिळते. सुरुवातीला त्यातले काहीच कळत नाही, पण कान तयार होत जातो.

वहीच्या शेवटच्या पानावर राहण्याच्या ठिकाणाचा संपूर्ण पत्ता, मुक्कामाच्या तारखा, परतीच्या विमानाचा क्रमांक, औषधांची नावे आणि कसली ॲलर्जी असल्यास तिचा पोर्तुगीज शब्द लिहून ठेवावा. कागदपत्रांची पोर्तुगीज नावेही तिथेच लिहावीत : पासपोर्ट म्हणजे ‘पासापॉर्त’, व्हिसा म्हणजे ‘वीश्तु’, आरक्षण म्हणजे ‘रजॅर्वा’ आणि प्रवासविमा म्हणजे ‘सगूरु द वियाझें’. पोर्तुगाल हा एकच व्हिसा चालणाऱ्या युरोपातल्या शेंगेन देशांपैकी असल्यामुळे भारतीय पर्यटकांना शेंगेन व्हिसा लागतो, आणि त्यासाठी किमान ३०,००० युरोंचे विमा संरक्षण आवश्यक असते. म्हणून विम्याच्या कागदाची प्रत सतत जवळ असू द्यावी.

शिकवणीची सोय गोव्यात चांगली आहे. गोवा विद्यापीठात पोर्तुगीज शिकवली जाते, आणि पणजीत पोर्तुगीज भाषा व संस्कृतीचे काम करणाऱ्या संस्था आहेत. मात्र प्रवासापुरती भाषा हवी असेल, तर तीन महिन्यांचा नियमित घरचा अभ्यास पुरेसा होतो.

३. कान आणि जीभ तयार करा

या टप्प्यावर घाई करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पोर्तुगालची भाषा कानाला अवघड वाटते याचे मुख्य कारण म्हणजे आघात नसलेले स्वर तिथे जवळजवळ गिळून टाकतात. ‘तेलेफोने’ असे लिहिलेला शब्द ‘तलफॉन’ असा ऐकू येतो, आणि ‘क्षमस्व’ या अर्थाचा शब्द ‘देस्कुल्पे’ असा लिहिलेला असला तरी कानावर ‘दश्कूल्प’ असाच पडतो. आपणही ‘करवत’ लिहितो आणि ‘करवत्’ म्हणतो, तेव्हा ही सवय मराठी माणसाला अगदीच परकी नाही.

शब्दाच्या शेवटच्या ‘स’चा ‘श’ होतो. ‘दोन तिकिटे’ हे ‘दोइश बिल्येत्श’ होते आणि ‘दोन’चे स्त्रीलिंगी रूप ‘दुआस’ याचे ‘दुआश’ होते. दोन स्वरांमध्ये ‘स’ आला, की तो आपल्या ‘जवळ’मधल्या ‘ज’च्या जवळ जातो. म्हणून टेबलासाठीचा शब्द ‘मेजा’ असा, जवळजवळ आपल्या ‘मेज’सारखाच ऐकू येतो. मी ‘झ’ लिहिला आहे तिथे ‘श’ म्हणता म्हणता घशातून आवाज काढावा, म्हणजे योग्य ध्वनी येतो.

काही बाबतींत मराठी भाषकाला जन्मतःच सवलत मिळालेली आहे. पोर्तुगीज ‘त’ आणि ‘द’ आपल्यासारखेच दंत्य आहेत, म्हणून इंग्रजीतून अंगवळणी पडलेले ‘ट’ आणि ‘ड’ दारातच काढून ठेवावेत. ‘पोर्टो’ म्हणू नये, ‘पोर्तु’ म्हणावे. वर्णमालेत पाठ करून आपण विसरलेला ‘ञ’ इथे पावलोपावली भेटतो : ‘लीञा’ म्हणजे रेषा, रूळ किंवा मार्ग आणि ‘आमाञाँ’ म्हणजे उद्या. नाकातून येणारा ‘आँउ’ हा शेवट मात्र मुद्दाम घोटावा लागतो. ‘नाही’ला ‘नाँउ’ म्हणतात, स्टेशनला ‘श्तासाँउ’ म्हणतात आणि पावाला ‘पाँउ’. ज्यांच्या घरी मालवणी किंवा गोव्याची कोकणी बोलली जाते, त्यांना नाकातले स्वर सहज जमतात, असा माझा अनुभव आहे.

शब्दाच्या सुरुवातीचा किंवा स्पेलिंगमध्ये दोनदा लिहिलेला ‘र’ लिस्बनमध्ये घशातून येतो आणि जवळजवळ ‘ख’सारखा ऐकू येतो. तो म्हणता आला नाही तरी चालते, फक्त ऐकताना ओळखता यायला हवा. नाहीतर ‘रोसिउ’ स्टेशनची घोषणा होऊन जाते आणि आपण बसून राहतो.

४. पहिली वाक्ये, आणि कोण कोणाला काय म्हणते

दुकानात, बसमध्ये किंवा तिकीट खिडकीवर काहीही विचारण्यापूर्वी अभिवादन केलेच पाहिजे. दुपारच्या जेवणापर्यंत ‘बों दीआ’, त्यानंतर अंधार पडेपर्यंत ‘बोआ तार्द’ आणि मग ‘बोआ नोइत’. अभिवादन न करता थेट प्रश्न विचारला, तर उत्तर मिळते, पण त्यात कोरडेपणा येतो.

‘कृपया’साठी पोर्तुगालमध्ये ‘स फाश फावोर’ अधिक ऐकू येते, ‘पुर फावोर’ही चालते. कोणाला थांबवून काही विचारायचे असेल तर ‘दश्कूल्प’ म्हणावे. गर्दीतून वाट काढायची असेल तर ‘कों लिसेंसा’ म्हणावे. हे दुसरे वाक्य ट्राममधून उतरताना रोज लागते.

‘आभारी आहे’ हे बोलणाऱ्याच्या लिंगाप्रमाणे बदलते. पुरुषाने ‘ओब्रिगादु’ म्हणायचे आणि स्त्रीने ‘ओब्रिगादा’. समोर कोण आहे याचा त्याच्याशी काही संबंध नाही. इंग्रजीतून शिकणारे इथे हमखास चुकतात, पण ‘मी दमलो’ आणि ‘मी दमले’ हा भेद आपण जन्मापासून करतो, त्यामुळे आपल्याला चुकण्याचे कारण नाही. त्याच नियमाने ‘मी वाट चुकलो’ म्हणजे ‘श्तो पर्दीदु’ आणि ‘मी वाट चुकले’ म्हणजे ‘श्तो पर्दीदा’. ‘मी भारतीय आहे’ यासाठी पुरुष ‘सो इंदिआनु’ म्हणेल आणि स्त्री ‘सो इंदिआना’. कायमच्या ओळखीसाठी ‘सो’ आणि तात्पुरत्या अवस्थेसाठी ‘श्तो’, एवढे लक्षात ठेवले तरी प्रवासापुरते भागते.

मान देण्याच्या बाबतीत पोर्तुगाल आपल्यासारखेच काटेकोर आहे. ‘तु’ हा आपला ‘तू’ आहे, तो मित्रांपुरता ठेवावा. पुस्तकांत ‘आपण’ या अर्थी ‘वॉसे’ दिलेले असते, आणि ब्राझीलमध्ये ते सर्रास चालते, पण पोर्तुगालमध्ये पुष्कळांना ते खटकते. अनोळखी किंवा वयस्कर पुरुषाला ‘उ सञोर’ आणि स्त्रीला ‘आ सञोरा’ म्हणावे, किंवा सर्वनाम अजिबात न वापरता नुसते आदरार्थी क्रियापद वापरावे. खालची सगळी वाक्ये त्याच पद्धतीची आहेत, त्यामुळे ती कोणालाही उद्देशून म्हणता येतील.

आता सर्वांत कामाची चार वाक्ये. ती इतकी पाठ हवीत, की झोपेतून उठवले तरी सांगता यावीत :

‘नाँउ पर्सबी’ : मला समजले नाही.
‘माइश दवागार, स फाश फावोर’ : जरा सावकाश, कृपया.
‘पॉद रपतीर?’ : पुन्हा सांगाल का?
‘पॉद श्क्रवेर?’ : लिहून द्याल का?

शेवटचे वाक्य म्हणत वही आणि पेन पुढे करावे. वेळ आणि फलाट क्रमांक लिहून मिळाला, की निम्मे संकट टळते.

स्पॅनिश येत असेल तरी ती वापरू नये. समोरच्याला ती बहुधा कळते, पण आपल्या देशाला शेजारच्या देशाचा भाग समजल्यासारखे त्यांना वाटते, आणि ते स्वाभाविक आहे.

५. स्टेशनवर : प्रश्न आणि उत्तर एकत्र शिका

तिकीट मागताना ‘मला हवे आहे’ या अर्थाचे ‘कॅरु’ न वापरता ‘करीआ’ वापरावे. ते ‘हवे होते’ असे आहे, आणि आपणही दुकानात ‘एक किलो साखर हवी होती’ असेच म्हणतो. यावर हॉटेलांतल्या वाढप्यांचा एक जुना विनोद आहे. गिऱ्हाईक ‘करीआ’ म्हणाले, की ते विचारतात, ‘करीआ? झा नाँउ कॅर?’ म्हणजे ‘हवे होते? आता नको का?’ हा टोमणा नसून थट्टा असते, तेव्हा हसून सोडून द्यावे.

‘करीआ उँ बिल्येत पारा उ पोर्तु, स फाश फावोर’ म्हणजे ‘पोर्तोचे एक तिकीट हवे होते’. पोर्तोच्या आधी इंग्रजी ‘द’ (the) सारखा ‘उ’ येतो, कारण त्या नावाचा अर्थच ‘बंदर’ असा आहे. लिस्बन, कुइंब्रा, एवुरा यांच्या आधी काही लागत नाही : ‘पारा लिझबोआ’.

यावर खिडकीतून बहुधा पुढचे प्रश्न येतात. ‘सॉ ईदा ओ ईदा इ वॉल्ता?’ म्हणजे फक्त जायचे की जाऊन-येऊन. ‘पारा क दीआ?’ म्हणजे कोणत्या दिवसाचे. ‘प्रिमेइरा ओ सगूंदा?’ म्हणजे पहिला वर्ग की दुसरा. वयाची ६५ वर्षे पूर्ण झालेल्यांना रेल्वेत निम्म्या भाड्याची सवलत मिळते, म्हणून ज्येष्ठांनी ‘दश्कोंतु सॅनिओर’ हे दोन शब्द सांगून पासपोर्ट दाखवावा.

त्यानंतरचे प्रश्न आपले असतात :

‘आ क ऑराश पार्त?’ : किती वाजता सुटते?
‘आ क ऑराश शेगा?’ : किती वाजता पोहोचते?
‘द क लीञा पार्त?’ : कोणत्या फलाटावरून सुटते?
‘ॲ प्रसीजु मुदार?’ : मध्ये गाडी बदलावी लागते का?

वेळ चोवीस तासांच्या घड्याळात सांगतात. ‘आश किंज इ त्रींता’ म्हणजे दुपारचे साडेतीन. म्हणून तेवीसपर्यंतचे आणि मग दहाच्या पटीतले आकडे पाठ असलेच पाहिजेत. एक ते दहा असे आहेत : उँ, दोइश, त्रेश, क्वात्रु, सींकु, सेइश, सॅत, ओइतु, नॉव, दॅश. फसवणाऱ्या जोड्या वेगळ्या काढून त्यांचा सराव करावा : ‘त्रेश’ तीन आणि ‘त्रेज’ तेरा, ‘दोइश’ दोन आणि ‘दोज’ बारा, ‘ससेंता’ साठ आणि ‘सतेंता’ सत्तर. फलाट तीनऐवजी तेरावर जाऊन उभे राहणारे माझ्याशिवायही बरेच असतील.

वारांचा सापळा याहून खोल आहे. पोर्तुगीजमध्ये वारांना ग्रहांची नावे नाहीत. सोमवारला ‘सगूंदा-फेइरा’ म्हणजे ‘दुसरा’, मंगळवारला ‘तेर्सा’ म्हणजे ‘तिसरा’, बुधवारला ‘क्वार्ता’, गुरुवारला ‘कींता’ आणि शुक्रवारला ‘सेश्ता’ म्हणतात. शनिवार ‘साबादु’ आणि रविवार ‘दुमींगु’. मोजणी रविवारपासून होते. मी मात्र सोमवार पहिला धरून ‘कींता’ म्हणजे पाचवा, अर्थात शुक्रवार, असा हिशेब केला आणि एवुराच्या बसचे गुरुवारचे तिकीट घेऊन शुक्रवारी थाटात हजर झाले. तिकीट पुन्हा काढावे लागले. तेव्हापासून मी एक खूण ठरवली आहे : आपल्या भिंतीवरच्या मराठी कॅलेंडरात रविवारची ओळ सर्वांत वर असते. तिथून बोटाने मोजत यावे, उत्तर बरोबर येते. वेळापत्रकांत वारांऐवजी नुसते २, ३, ४ असे आकडे आणि पुढे लहानसे अक्षर छापलेले असते, तेही याच हिशेबाने वाचायचे.

त्याच वेळापत्रकात ‘दीआश ऊतैश’ म्हणजे कामाचे दिवस आणि ‘फरिआदुश’ म्हणजे सार्वजनिक सुट्ट्या. ‘फॅरिआश’ हा शब्द त्यासारखाच दिसतो, पण तो आपल्या घेतलेल्या रजेसाठी आहे. ‘श्तो द फॅरिआश’ म्हणजे ‘मी सुटीवर आले आहे’.

फलकावर तीन शब्द दिसले तर सावध व्हावे. ‘आत्राजादु’ म्हणजे गाडी उशिरा आहे, ‘सुप्रिमीदु’ म्हणजे रद्द झाली आहे, आणि ‘ग्रॅव’ म्हणजे संप. रेल्वेचे संप तिथे नवलाचे नाहीत आणि ते आधी जाहीर होतात, म्हणून प्रवासाच्या आदल्या दिवशी ‘आमाञाँ आ ग्रॅव?’ म्हणजे ‘उद्या संप आहे का?’ असे कोणाला तरी विचारून घ्यावे.

लिस्बन आणि पोर्तो या दोन्ही शहरांत स्टेशने अनेक आहेत. लिस्बनहून पोर्तोला जाणाऱ्या लांब पल्ल्याच्या गाड्या सांता आपोलॉनियाहून सुटून ओरिएंतला थांबतात आणि सुमारे तीन तासांनी कांपाञाँ स्टेशनला पोहोचतात. निळ्या चित्रांच्या फरशांसाठी प्रसिद्ध असलेले शहराच्या मध्यातले स्टेशन साँउ बेंतु हे आहे, आणि त्यासाठी कांपाञाँला उतरून लोकल गाडी घ्यावी लागते. लिस्बनमध्ये सींत्राच्या गाड्या रोसिउहून आणि काश्काइशच्या गाड्या काइश दु सोद्रेहून सुटतात. तेव्हा ‘स्टेशन कुठे आहे’ असे मोघम न विचारता स्टेशनचे नाव घेऊन विचारावे.

६. शहरात : मेट्रो, बस आणि दारावरच्या पाट्या

‘लीञा’ या शब्दाचे दोन अर्थ इथे एकत्र येतात. रेल्वे स्टेशनावर ‘लीञा त्रेश’ म्हणजे तीन क्रमांकाचा फलाट, तर लिस्बन मेट्रोमध्ये ‘लीञा’ म्हणजे मार्ग. तिथे रंगांच्या नावाचे चार मार्ग आहेत : आजूल म्हणजे निळा, आमारॅला म्हणजे पिवळा, वेर्द म्हणजे हिरवा आणि वरमेल्या म्हणजे लाल. विमानतळ लाल मार्गावर आहे.

प्रवासाच्या कार्डात पैसे भरणे म्हणजे ‘कार्रगार’. मोबाइल चार्ज करणेही ‘कार्रगार’ आणि बटण दाबणेही ‘कार्रगार’च. त्यामुळे यंत्राच्या पडद्यावर हा शब्द दिसला, तर संदर्भ पाहावा. कार्ड यंत्राला लावणे म्हणजे ‘वालिदार’. पोर्तोच्या मेट्रोला फाटके नाहीत, म्हणून कार्ड न लावता आत जाता येते, पण प्रत्येक वेळी, अगदी गाडी बदलतानाही, ते लावावेच लागते. तपासनीस आला आणि नोंद सापडली नाही, तर दंड होतो. दंडाला ‘मूल्ता’ म्हणतात.

बसमध्ये चढताना चालकाला विचारावे, ‘एश्त आउतोकार्रु वाइ पारा बलें?’ म्हणजे ‘ही बस बलेंला जाते का?’ पुढचे वाक्य लांब आहे, पण पाठ करण्यासारखे आहे : ‘पॉद आविजार-म क्वाँदु शगार्मुश?’ म्हणजे ‘पोहोचलो की मला सांगाल का?’

रस्ता विचारताना ‘ओंद फीका’ आणि पुढे ठिकाणाचे नाव, एवढे पुरते. उत्तरात हे शब्द ऐकायला तयार राहावे : ‘आ श्केर्दा’ डावीकडे, ‘आ दिरेइता’ उजवीकडे, ‘सेंप्र एं फ्रेंत’ सरळ, ‘पॅर्तु’ जवळ आणि ‘लोंझ’ दूर. लिस्बन हे टेकड्यांचे शहर असल्यामुळे ‘पॅर्तु’ म्हणजे चढ नाही, असे समजू नये.

आता दाराची गोष्ट. दुकानांच्या दारांवर एक छोटी पाटी असते, जिचा उच्चार हुबेहूब ‘पूश’ असा होतो. तिचा अर्थ मात्र ‘ओढा’ असा आहे. ढकलायचे असेल तर ‘एंपूर्र’ लिहिलेले असते. पोर्तोच्या एका मिठाईच्या दुकानाचे दार मी सगळा जोर लावून ढकलत राहिले आणि आतली मंडळी हातवारे करून मला उलटे सांगत राहिली. मुलगी शेजारी उभी राहून हसत होती, तिने मदत केली नाही.

‘साईदा’ म्हणजे बाहेर जाण्याचा मार्ग, ‘फशादु’ किंवा ‘एंसर्रादु’ म्हणजे बंद, ‘आबॅर्तु’ म्हणजे उघडे, ‘आवारिआदु’ म्हणजे नादुरुस्त. विमानतळावर ‘शगादाश’ म्हणजे आगमन आणि ‘पार्तीदाश’ म्हणजे प्रस्थान.

७. मुक्काम आणि जेवण

इमारतीच्या पत्त्यात मजल्यानंतर ‘दिरेइतु’ किंवा ‘श्केर्दु’ यांची संक्षिप्त रूपे असतात. त्यांचा अर्थ जिन्यातून वर आल्यावर उजवीकडचे दार किंवा डावीकडचे दार असा आहे. तळमजल्याला ‘रॅश दु शाँउ’ म्हणतात, आणि आपल्याप्रमाणेच पहिला मजला त्याच्या वर सुरू होतो.

खोलीत आणि जेवणाच्या टेबलावर मराठी माणसाला अनेक ओळखीचे शब्द भेटतात. चावीला ‘शाव’ म्हणतात, बटाट्याला ‘बताता’, कोबीला ‘कोव’ आणि अननसाला ‘आनानाश’. पैसे देण्याला ‘पागार’ म्हणतात, आणि त्यावरूनच आपला ‘पगार’ आला. वसई १५३४ पासून १७३९ पर्यंत पोर्तुगीजांकडे होती आणि गोवा १९६१ पर्यंत, त्या काळात हे शब्द आपल्या स्वयंपाकघरांत शिरले. रेवदंड्याजवळच्या कोर्लई गावात तर पोर्तुगीजमधून घडलेली एक बोली आजही बोलली जाते.

शाकाहारी वाचकांनी इथे विशेष लक्ष द्यावे. ‘नाँउ कोमु कार्न’ म्हणजे ‘मी मांस खात नाही’ एवढे सांगून पुरत नाही, कारण पुष्कळांच्या मनात ‘कार्न’ म्हणजे गाईचे किंवा डुकराचे मांस असते, आणि मग कोंबडी किंवा मासा आनंदाने समोर येतो. म्हणून पूर्ण यादी सांगावी : ‘नाँउ कोमु कार्न, नें फ्राँगु, नें पेइश.’ भाजीच्या सूपमध्ये शोरीसु नावाच्या डुकराच्या सॉसेजची चकती टाकण्याची पद्धत आहे, म्हणून ‘तें शोरीसु?’ हेही विचारावे. मागवण्यापूर्वीच टेबलावर पाव, ऑलिव्ह आणि चीज ठेवले जाते. ते खाल्ले, तर त्याचे पैसे द्यावे लागतात, नको असेल तर नम्रपणे परत पाठवावे. शेवटी ‘आ कोंता, स फाश फावोर’ म्हटले की बिल येते.

८. अडचण आली तर

पोर्तुगालमध्ये पोलीस, रुग्णवाहिका आणि अग्निशमन या तिन्हींसाठी ११२ हा एकच क्रमांक आहे. मदतीसाठी ओरडायचे असेल, तर ‘सुकोर्रु!’ म्हणावे. ‘पर्दी उ पासापॉर्त’ म्हणजे ‘माझा पासपोर्ट हरवला’. ‘रोबाराँउ-म आ कार्तेइरा’ म्हणजे ‘माझे पाकीट चोरले’. हे वाक्य लागण्याची शक्यता लिस्बनच्या २८ क्रमांकाच्या ट्राममध्ये सर्वाधिक आहे, म्हणून तिथे पाकीट पुढच्या खिशात ठेवावे. पोलीस ठाण्याला ‘श्क्वाद्रा’ म्हणतात. पासपोर्ट हरवला असेल, तर आधी तिथे तक्रार नोंदवून तिची प्रत घ्यावी आणि मग लिस्बनमधल्या भारतीय दूतावासाकडे जावे.

‘प्रसीजु द उँ मॅदिकु’ म्हणजे ‘मला डॉक्टर हवा आहे’. रात्री औषध लागले, तर ‘फार्मासिआ द सर्वीसु’ म्हणजे त्या रात्रीच्या पाळीचे उघडे दुकान कुठे आहे, ते विचारावे. बंद दुकानांच्या दारावरही त्याची माहिती लावलेली असते.

९. प्रवासाविषयी गप्पा

लांबच्या गाडीत शेजारचे आजोबा बोलायला लागले, की प्रश्न ठरलेले असतात. ‘द ओंद ॲ?’ म्हणजे ‘कुठून आलात?’ उत्तर ‘सो दा ईंदिआ’. मुंबईला ते ‘बोंबाईं’ म्हणतात. भारत म्हटले की दुसरा प्रश्न बहुधा गोव्याचा येतो, त्यासाठी ‘झा फुइ आ गोआ’ म्हणजे ‘मी गोव्याला जाऊन आले आहे’ हे तयार ठेवावे. ‘ॲ आ प्रिमेइरा वेश?’ म्हणजे ‘पहिल्यांदाच आलात का?’ ‘झा फोइ आ कुइंब्रा?’ म्हणजे ‘कुइंब्राला जाऊन आलात का?’ याला ‘आईंदा नाँउ’, म्हणजे ‘अजून नाही’, हे उत्तर द्यावे. त्यामुळे पुढची पंधरा मिनिटे कुइंब्रात काय पाहावे याची माहिती मिळते, आणि ऐकण्याचा सरावही होतो. ऐकताना मध्येमध्ये ‘पोइश’ म्हणत राहावे. ते आपल्या ‘हो ना’सारखे आहे.

भूतकाळाची चार रूपे पुरेशी आहेत : ‘शगेइ ओंतें’ काल पोहोचले, ‘फुइ आ सींत्रा’ सींत्राला गेले, ‘श्तीव एं एवुरा’ एवुरात होते, ‘गुश्तेइ मुइंतु’ फार आवडले. ‘मी’ वेगळे म्हणण्याची गरज नसते, क्रियापदातच ते आलेले असते.

‘जाते’ कसे म्हणायचे, यात एक बारकावा आहे. ‘वो आ लिझबोआ’ म्हणजे लिस्बनला जाऊन लवकर परतणार, आणि ‘वो पारा लिझबोआ’ म्हणजे तिथे राहायला जाणार. घराबाहेर पडताना नुसते ‘जाते’ न म्हणता ‘जाऊन येते’ म्हणायला शिकवलेल्या आपल्या कानांना हा फरक लगेच पटतो. म्हणून ‘जाते’ असे सांगताना पर्यटकाने शहराच्या नावाआधी ‘आ’ वापरावा, तिकीट मागतानाचा ‘पारा’ मात्र तसाच ठेवावा. मी पहिल्या खेपेस सगळीकडे ‘पारा’ वापरत होते, आणि एका बाईंनी मला मोठ्या आस्थेने लिस्बनमधल्या घरभाड्यांविषयी सावध केले होते.

निरोप घेताना ‘आदॅउश’ जरा कायमच्या निरोपासारखे वाटते. उद्या भेटणार असाल तर ‘आतॅ आमाञाँ’ म्हणावे, थोड्या वेळाने भेटणार असाल तर ‘आतॅ लॉगु’. गाडीतून उतरणाऱ्या आजोबांना ‘बोआ वियाझें’ म्हणावे. आणि मुक्काम संपवून घरमालकिणीच्या हाती किल्ली देताना ‘आतॅ आ प्रॉसिमा’, म्हणजे ‘पुन्हा भेटेपर्यंत’, असे म्हणून निघावे.